घरच्या माणसासारखं

परीक्षित भाटकरला ट्राउटचं वेड लागलं तेव्हा त्यानं ट्राउट नावाचा मासा डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नव्हता. पाहणार कुठून? जन्म रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, नोकरी कुवेतमधल्या मिरकाबच्या एका बँकेत, बिऱ्हाड सालमियातल्या एका फ्लॅटमध्ये. ट्राउट राहतो थंडगार, खळाळत्या गोड्या पाण्यात. कुवेतमध्ये नदीच नाही, तर ट्राउट कुठला! पण हौसेला मोल नसतं म्हणतात, तशी तिला अक्कलही नसते. संध्याकाळी बँकेतून आला की हा पठ्ठ्या मोबाइलवर ट्राउटचे व्हिडिओ लावून बसायचा. तपकिरी अंग, त्यावर काळे-लाल ठिपके, पोटाकडे तुपासारखा पिवळा रंग. त्याची बायको कौमुदी एकदा म्हणाली, "माझ्याकडे कधी इतकं टक लावून बघितलं नाहीस रे." त्यावर तो "हं" म्हणाला आणि पुढचा व्हिडिओ लावला.

नुसतं बघून भागेना तेव्हा तो राई नावाच्या भागातल्या एका दुकानात गेला. मासे धरायच्या सामानाचं दुकान. त्याचा मालक कमाल. कमाल लेबननचा, बायको स्कॉटलंडची, जन्म गेला कुवेतमध्ये. ऑक्टोबरात हवा जरा माणसांत आली की दर शुक्रवारी सकाळी पाच-सहा हौशी लोकांना घेऊन तो समुद्रकिनारी जायचा. नोव्हेंबर संपला की बोय नावाचा मासा धरायला बंदी लागते, तोवर यांचा हंगाम. ट्राउट नाही तर नाही, बोय तर आहे! पकडायची रीत मात्र अगदी ट्राउटचीच. आमिष लावायचं नाही. पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करायची, ती लांब लवचीक काठीनं पाण्यावर अशी अलगद टाकायची की माशाला खुबूसचा, म्हणजे इथल्या रोटीचा, तुकडाच पडल्यासारखा वाटावा. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीनं दाबून टाकायचा. मासा लागला तर हात ओला करून धरायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. मारायचा नाही, न्यायचा नाही, खायचा तर नाहीच नाही.

खाडीकाठच्या भाटकरांच्या पोरानं हे सगळं कबूल केलं बरं का! आणि त्याला कारण होतं. हंगामाच्या शेवटच्या शुक्रवारी कमाल एक नाव घ्यायचा. ज्याचं नाव घेतलं तो पुढच्या सप्टेंबरात कमालबरोबर त्याच्या सासुरवाडीला जायचा. तिथला ट्राउटचा हंगाम संपत आलेला असतो, आणि तलावात पोसून सोडलेला नव्हे, खरा रानातला, नदीत जन्मलेला ट्राउट असतो. परीक्षितनं त्या नावासाठी काय नाही केलं! कमालच्या दुकानातली काचेची कपाटं आवरून दिली, त्याच्या हिशेबनिसाला बँकेच्या खेपा वाचवल्या. आणि एकदा गप्पांत कमालनं विचारलं की तुझ्या घरी कुणाला हा शौक आहे, तर हा म्हणाला, "माझ्या वडिलांना. ते मेडिकलमध्ये होते."

मेडिकलमध्ये! सुरेशराव भाटकर जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तसं म्हटलं तर खोटं नव्हतं. पण कमालच्या डोळ्यांसमोर हॅट घातलेला एक म्हातारा डॉक्टर उभा राहिला, तो परीक्षितनं राहू दिला. तिथेच माशी शिंकली.

व्हिजिट व्हिसे परत सुरू झाले आणि त्या नोव्हेंबरात सुरेशराव महिनाभरासाठी कुवेतला आले. बायको गेल्यावर गावच्या घरात एकटेच असायचे. आल्या आल्या त्यांनी बॅग उघडली. कोकम, कुळथाचं पीठ, नात आर्यासाठी काजूगर, आणि अगदी तळाशी, धोतराच्या जुन्या फडक्यात बांधलेली, सलाईनची रिकामी बाटली. तिच्यावर मासे गरवायची, म्हणजे गळाची, दोरी गुंडाळलेली होती. दवाखान्यातली ती बाटली परीक्षित लहानपणापासून बघत आला होता. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की बाबा ती घेऊन खाडीवर जायचे, आणि रात्रीच्या कालवणाची सोय व्हायची.

"आजोबा, what's that?" आर्यानं विचारलं.

"बाळा, ही माझी बंदूक," आजोबा म्हणाले.

म्हातारा महिनाभर मजेत होता. फ्लॅटमध्ये करमत नाही म्हणून संध्याकाळी खाली जाऊन राजय्याशेजारी खुर्ची टाकायचा. राजय्या हा बिल्डिंगचा हारिस. इथे प्रत्येक इमारतीला एक हारिस असतो. राखण त्याची, झाडलोट त्याची, भाडेकरूंचं ओझं वर न्यायचं तेही त्यानंच. राजय्याचं हिंदी तेलुगूत भिजलेलं, बाबांचं कोकणीत. पण दोघांची गट्टी जमली. बाबांनी कुवेतमध्ये शिकलेला पहिला शब्द 'हारिस'. "पऱ्या, मोठं जोखमीचं काम असतं रे हारिसाचं," ते जेवताना सांगायचे. पऱ्या मोबाइलमध्ये असायचा.

शेवटचा शुक्रवार जवळ आला तशी बाबांनी भुणभुण लावली. मला पण ने. परीक्षितनं ऊन सांगितलं, वारा सांगितला, खडक सांगितले. शेवटी कौमुदी भडकली. "अरे, खाडीवर जन्म गेलाय त्यांचा! त्यांना काय खडकांची भीती घालतोस? घेऊन जा गपचूप." मग काय, नेलं.

वाटेत परीक्षितनं नियम समजावले. खोटी माशी, दाबलेला काटा, धरायचा आणि सोडायचा. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माशाला तू खायला देणार नाहीस, आणि तू पण खाणार नाहीस. दोघं उपाशी. मग पहाटे उठून केलं काय?"

"स्पोर्ट आहे बाबा तो. माशाला काही होत नाही."

"तोंडाला भोक पडतं ना?"

"बुजतं ते."

"तुला काय त्यानं येऊन सांगितलं?" बाबा म्हणाले, आणि खिडकीतून समुद्र बघायला लागले.

किनाऱ्यावर पोचल्यावर परीक्षितनं बाबांना मोठ्या खडकांच्या पलीकडे नेलं. "तुम्ही इथे बसा. इथे मासा जास्त येतो." धादांत खोटं. मासा कुठे जास्त येतो ते समुद्रालाच ठाऊक. पण इथे बसलेला माणूस पलीकडच्यांना दिसत नव्हता, एवढं खरं. बाबा खूश! कौमुदीनं आणलेला नवा ट्रॅकसूट त्यांनी अंगातून काढला, घडी घातली, गाडीत सीटवर ठेवला. "मासळीचा वास लागला तर ती बिचारी धुवत बसेल." आत जुना गंजिफ्रॉक होता, खांद्याशी विरलेला, आणि खाली गुडघ्यापर्यंतची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. डोक्याला टॉवेल बांधला, खिशातून खुबूसचा मळलेला गोळा काढला, सलाईनच्या बाटलीवरची दोरी सोडली. परीक्षित घाईघाईनं आपल्या लोकांकडे निघून गेला.

सकाळ छान होती. पाणी शांत होतं आणि बोयींचे थवे काठाजवळ तोंडं वर काढून फिरत होते. परीक्षितनं माशी टाकली, पुन्हा टाकली. आज हात बरा चालत होता. एक बोय लागली, त्यानं हळूच सोडवून दिली. कमालनं लांबून अंगठा दाखवला. त्या अंगठ्यात परीक्षितला आख्खी नदी दिसली हो!

आणि तेवढ्यात हाक आली.

"पऱ्याऽऽ! ए पऱ्या! हे बघ रे!"

खडकावरून बाबा येत होते. अनवाणी, गुडघ्यापर्यंत भिजलेले, टॉवेल सुटून गळ्यात आलेला. हातात चांगली हातभर लांबीची बोय. परीक्षितनंही इतकी मोठी इथे कधी पाहिली नव्हती. म्हाताऱ्याचा चेहरा फुलला होता. आपल्या दहावीचा निकाल लागला तेव्हा परीक्षितनं तो इतका फुललेला पाहिला होता, नंतर आजच. मधेच बोय तडफडली तेव्हा बाबांनी थांबून तिचं डोकं खडकावर आपटलं, एकदाच, सवयीनं, आणि परत चालायला लागले.

सगळे बघत होते. आमिषानं धरलेला मासा, तोही मारलेला! कमाल काठी टेकवून जवळ आला. त्यानं इंग्रजीत विचारलं, "हे कोण? तुझ्याबरोबर आहेत?"

आता सांगा, काय अवघड होतं? माझे वडील. दोन शब्द. पण परीक्षितच्या डोक्यात तो हॅटवाला डॉक्टर उभा होता, आणि समोर हा विरलेला गंजिफ्रॉक. जीभ सुटली ती भलतंच बोलून गेली. त्यानं मुद्दाम अरबी शब्द वापरला, बाबांना कळू नये म्हणून.

"हारिस. आमच्या बिल्डिंगचा हारिस आहे. मासे बघायचे म्हणाला, म्हणून आणलं."

बाबा थांबले. इंग्रजीतलं मागचंपुढचं कळलं नसेल एक वेळ, पण तो एक शब्द कळला. महिनाभर त्या शब्दाशेजारी खुर्ची टाकून बसलेला माणूस तो. त्यांनी मुलाकडे बघितलं. रागानं नाही. दवाखान्यात एखादं पोर इंजेक्शनच्या आधी घाबरून खोटं बोललं की बघायचे, तसं. मग हातातल्या बोयीकडे बघितलं.

कमाल भला माणूस. त्यानं हात पुढे केला. म्हाताऱ्याचा हात ओला, खवल्यांनी भरलेला, तरी दोन्ही हातांत धरला, आणि दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "कैसा है चाचा? सालमिया में अच्छा है?"

"अच्छा है साब," बाबा म्हणाले. "बहुत अच्छे लोग हैं. घर के आदमी जैसा रखते हैं."

परीक्षितच्या पायाखालची वाळू सरकली. समुद्राची नव्हे, म्हणीतली. अजूनही वेळ होती. अजूनही म्हणता आलं असतं, की कमाल, मी चेष्टा केली, हे माझे बाबा. लाज सोडायला एक क्षण पुरतो. तो क्षण आला, उभा राहिला, आणि गेला. कमालनं घसा खाकरला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. "पुढच्या सप्टेंबरचं नाव," तो म्हणाला, "परीक्षित."

टाळ्या पडल्या. बाबांनी बोय काखेत धरली आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

सामान आवरताना बाबांनी न सांगता परीक्षितच्या काठ्या, पेटी, जाळं उचललं आणि गाडीकडे नेलं. ट्रॅकसूट अंगात चढवला नाही. हातात धरला, आणि मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसले.

"बाबा, पुढे या ना," परीक्षित हळू आवाजात म्हणाला.

"असू दे. तुझे लोक बघतायत."

वाटभर परीक्षित आरशात बघत होता. बाबा बोयीची पिशवी पायाशी धरून समुद्राकडे बघत बसले होते. सालमिया जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "तो ट्राउट चवीला कसा असतो रे?" खरं सांगायचं तर परीक्षितला ते माहीतच नव्हतं.

घरी बाबांनी बोय साफ केली, तुकड्या पाडल्या. कौमुदीनं तळल्या, डोक्याचं कालवण केलं. बाबांनी एक ताट झाकलं. "आधी राजय्याचं देऊन येतो." हे ते नेहमीच करायचे. काही चांगलंचुंगलं झालं की पहिलं ताट खाली. पण आज बाबा ताट घेऊन लिफ्टकडे गेले आणि परीक्षित बेसिनपाशी जाऊन नुसता नळ सोडून उभा राहिला. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं त्याला. जेवायला बसल्यावर तुकडी हातात घेतली, पण तोंडात जाईना.

"अरे खा की," कौमुदी म्हणाली. "बाबांनी एवढी पकडली, तुझ्यासारखी सोडून नाही दिली."

"भूक नाही."

"शेवटच्या शुक्रवारचं नाव लागलंय ना त्याचं," बाबा म्हणाले, "आनंदानं पोट भरलं असेल." आणि तिला सगळं रंगवून सांगितलं. टाळ्या, कमालचा मोठेपणा, त्यानं हात कसा हातात घेतला. एक शब्द तेवढा गाळला.

बाबांनी रागवायला हवं होतं हो! चार शिव्या घालायला हव्या होत्या, 'मेल्या, बापाला हारिस करतोस?' म्हणून. मग परीक्षित रडला असता, पाय धरले असते, सुटला असता. पण म्हाताऱ्यानं त्याला सुटायला जागाच ठेवली नाही. जायच्या दिवसापर्यंत परीक्षितनं किती वेळा तोंड उघडलं. "बाबा, त्या दिवशी..." की बाबा विचारायचे, आर्याची शाळा किती वाजता सुटते. "बाबा, मी..." की गॅस बंद केलास का. एअरपोर्टवरही तेच. आत जाण्याआधी परीक्षितनं त्यांचा हात धरला, तर ते म्हणाले, "पासपोर्ट वरच्या खिशात आहे ना, बघ जरा," आणि गेले. ट्रॅकसूट अंगात होता. इस्त्री केलेला.

घरी आल्यावर सलाईनची बाटली बाल्कनीत खिळ्याला अडकवलेली सापडली. बाबा विसरले, असं कौमुदी म्हणाली. परीक्षितला तसं वाटलं नाही. त्यानं ती काढलीही नाही आणि हातात घेतलीही नाही. कपडे वाळत घालताना ती नजरेआड राहील असं उभं राहायला मात्र शिकला.

आता तुम्ही म्हणाल, त्यानं कमालला नकार दिला असेल. देणार होता. उन्हाळाभर देणार होता. ऑगस्टात व्हिसाची मुलाखत झाली तेव्हाही देणार होता. आणि सप्टेंबर सरता सरता स्कॉटलंडला गेला. माणूस असाच असतो. अपराध वाटणं वेगळं आणि हातचं सोडणं वेगळं.

नदी व्हिडिओतल्यासारखीच होती, फक्त जास्त थंड. हंगामाचे शेवटचे दिवस होते, झाडं पिवळी पडायला लागली होती. पहिले दिवस कोरडे गेले. मग एका दुपारी, पाऊस भुरभुरत असताना, एका दगडामागच्या संथ पाण्यात त्याची माशी अलगद उतरली आणि पाणी फुगून फुटलं. काठी वाकली. किती वर्षं ज्याची वाट बघितली, तो मासा ओल्या हातात आला. तपकिरी, लाल ठिपक्यांचा, ठिपक्यांभोवती फिकट निळसर कडं. इतका सुंदर, की व्हिडिओत अर्धासुद्धा आला नव्हता. परीक्षितनं गळ सोडवला. दाबलेल्या काट्याचा गळ, सहज निघाला. ओठाच्या कडेला बारीकसं भोक राहिलं, आणि त्यातून रक्ताचा एक थेंब त्याच्या अंगठ्यावर आला.

फोटो काढायला कमाल मोबाइल घेऊन उभा होता. परीक्षितनं मासा पाण्यात सोडला, आणि तिथेच दगडावर बसून रडायला लागला. एवढा बँकेतला ऑफिसर, रबरी बुटांत, पोरासारखा.

"तो हारिस नव्हता," तो म्हणाला. "कमाल, ते माझे वडील होते."

कमालनं फोटोसाठी धरलेला मोबाइल खाली घेतला. मग म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. साहेबाला घरच्या नावानं हाक मारत खडकांवरून येणारा हारिस मी अजून बघितलेला नाही. आणि नाक तुझंच होतं."

"मग तरी माझं नाव घेतलंस?"

"नाव आदल्या आठवड्यातच ठरलं होतं. तू त्यांना बाप म्हणाला असतास तरी इथे तूच आला असतास." कमालनं मोबाइल खिशात टाकला. "वर्षभर वाट बघितली, आज सांगशील, उद्या सांगशील. आणि सांगतोस कुणाला? मला? मला काय सांगतोस!"

म्हणजे फुकट. सगळं फुकट. परीक्षितला तेच सर्वांत जास्त लागलं. काही मिळवायला बाप विकला असता तर निदान सौदा तरी म्हणता आला असता.

कुवेतला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी त्यानं बाल्कनीचं दार आतून ओढून घेतलं आणि गावी फोन लावला. समोर खिळ्याला ती बाटली होती. आज तिच्याकडे पाठ केली नाही.

"बाबा, मला बोलू द्या. मधे काही विचारू नका. त्या दिवशी किनाऱ्यावर मी तुम्हाला हारिस म्हणालो. मला तुमची लाज वाटली. तुम्हाला कळलं होतं ते मला ठाऊक आहे. माझं चुकलं, बाबा."

पलीकडे कुठे तरी कोंबडं आरवलं. मागच्या दारी कुणी तरी बादली खाली ठेवली.

"मासा मिळाला का रे तुझा?" बाबांनी विचारलं.

"मिळाला. सोडला."

"बरं केलंस."

"बाबा, तुम्ही परत या. नोव्हेंबरात या. शेवटच्या शुक्रवारी कमालला तुम्हाला भेटायचंय. मी तिकीट काढतो. याल ना?"

"येतो की. न यायला काय झालं? माझी बाटली राहिलीय तिथे." बाबांचा आवाज नेहमीसारखाच होता. ते हसत होते की नव्हते, हे फोनवर कळायला मार्ग नव्हता. "फक्त या खेपेला मी कोण, ते आधी कळव हो बाळा. म्हणजे कपडे त्या हिशेबानं भरतो."